सनदेपलीकडचा अभ्यास : खानदेश आणि एलएल.एम.

एलएल.एम. या पदवीतले दोन ‘एल’ हे छपाईतली चूक वाटावी असे शेजारी शेजारी उभे असतात. ते लॅटिनमधल्या अनेकवचनाची खूण आहेत. ‘कायद्याचा’ नव्हे, तर ‘कायद्यांचा’ पारंगत असा त्या अक्षरांचा अर्थ. मध्ययुगीन युरोपात दिवाणी आणि धर्मपीठाचा असे दोन कायदे शिकवले जात, त्यावरून हे अनेकवचन आले. भारतात ही पदवी इंग्रजी विद्यापीठांच्या नमुन्यावर आली खरी, पण इथे तिचे काम वेगळे ठरले. वकिली करायला ती कधीच लागली नाही. कोर्टात उभे राहण्याचा हक्क सनदेने मिळतो, आणि सनदेला एलएल.बी. पुरते. मग सनदेच्या पुढचा हा अभ्यास कोणी केला, कशासाठी केला आणि तापी खोऱ्यातल्या दोंडाईच्यासारख्या बाजारगावापर्यंत तो कसा पोचला, याचा इतिहास खानदेशातल्या खटल्यांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणे केले. १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून जी संहिता झाली, तिला एल्फिन्स्टनचे नाव चिकटले आहे. तिच्यात दिवाणी न्यायालयांची घडी बसवली गेली आणि सनद घेतलेला वकील हा न्यायालयाचा मान्य माणूस ठरला. त्याआधी पंचायती होत्या, देशमुख-देशपांड्यांपुढे निवाडे होत, पण दुसऱ्याच्या वतीने फी घेऊन बोलणारा स्वतंत्र धंदेवाईक नव्हता. नव्या व्यवस्थेने तो निर्माण केला. सुरुवातीचे वकील कायदा शाळेत शिकलेले नव्हते. कागद वाचता येणे, मोडी येणे, जिल्ह्याच्या न्यायाधीशापुढे परीक्षा देणे आणि कामकाजाचा सराव असणे एवढीच त्यांची तयारी.

कायद्याचे रीतसर शिक्षण मुंबईत १८५५ मध्ये सुरू झाले. सर अर्स्किन पेरी यांच्या नावाने विधिशास्त्राचे प्राध्यापकपद स्थापन झाले आणि त्यातून पुढे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज उभे राहिले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ, १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय. एलएल.बी.च्या अगदी पहिल्या पदवीधरांत १८६६ साली महादेव गोविंद रानडे होते. पदवी घेऊनही ते थांबले नाहीत. १८७१ मध्ये त्यांनी ॲडव्होकेटची वेगळी परीक्षा दिली, कारण उच्च न्यायालयात ॲडव्होकेट म्हणून उभे राहायला निव्वळ एलएल.बी. पुरत नसे. याच रानड्यांची १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामुळे सरकारला पुण्यातल्या शिकलेल्यांविषयी जो संशय होता, त्याची ही झळ. खानदेशच्या वाट्याला एक विद्वान न्यायाधीश आला तो असा, सरकारच्या नाराजीतून.

त्या काळात वकिलांच्याही पायऱ्या होत्या. सर्वांत वर इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आलेले. त्यांच्याखाली उच्च न्यायालयाचे ॲडव्होकेट, मग एलएल.बी. झालेले किंवा परीक्षा देऊन आलेले हायकोर्ट प्लीडर, आणि जिल्ह्यात डिस्ट्रिक्ट प्लीडर. त्यांच्याही खाली मुखत्यार आणि कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारे लेखक. पुण्यात लोकमान्य टिळकांनी चालवलेला लॉ क्लास हा याच परीक्षांसाठी होता. जिल्ह्याजिल्ह्यांतले तरुण तिथे येऊन तयारी करत. म्हणजे विशेष अभ्यास होता, पण तो ज्ञानाच्या खोलीसाठी नव्हता. एका पायरीवरून दुसरीवर चढण्यासाठी होता. ही उतरंड १९२६ च्या बार कौन्सिल कायद्याने कमी झाली आणि १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने तिचा शेवट झाला. आज तालुक्याच्या कोर्टातला वकील आणि सर्वोच्च न्यायालयातला वकील एकाच सनदेचे धनी असतात. ही समानता चांगलीच, पण पायऱ्या गेल्यावर ‘हा माणूस अमुक विषयात जाणकार आहे’ हे ओळखण्याचे उघड साधनही गेले. ते पदवीने भरून निघाले नाही. ते नावलौकिकावर सोडले गेले.

खरा पदव्युत्तर अभ्यास भारतात आधी कलकत्त्यात रुजला. प्रसन्नकुमार टागोर यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीतून १८७० पासून टागोर कायदा व्याख्याने सुरू झाली. एकाच विषयावर ओळीने व्याख्याने द्यायची आणि त्यांचे पुस्तक करायचे, अशी ती प्रथा. मुंबईकडे असे काही नव्हते. इथे विशेष ज्ञान साठले ते टीकाग्रंथांत. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी ‘व्यवहारमयूख’ इंग्रजीत आणला, दिनशा मुल्ला यांनी हिंदू आणि मुसलमानी कायद्यावर लिहिलेली पुस्तके आजही वकिलांच्या टेबलावर दिसतात. यांपैकी कुणालाही एलएल.एम.ची पदवी लागली नाही.

ती पदवी घेऊन तिचे चीज करून दाखवणारे मराठी नाव म्हणजे पांडुरंग वामन काणे. चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे भागात १८८० मध्ये जन्मलेले काणे आधी सरकारी शाळेत मास्तर होते. नोकरी सांभाळून त्यांनी १९०८ मध्ये एलएल.बी. केले, १९११ मध्ये मुंबईला वकिली सुरू केली आणि १९१२ मध्ये हिंदू व मुसलमानी कायदा हा विषय घेऊन एलएल.एम. झाले. पुढे ते गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात शिकवू लागले. १९२६ मध्ये त्यांनी नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’ची संशोधित आवृत्ती काढली आणि तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा छोटासा इतिहास जोडावा असा बेत केला. प्रस्तावना हाताबाहेर गेली. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांचा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ तयार झाला आणि १९६३ मध्ये काण्यांना भारतरत्न मिळाले. एलएल.एम.च्या अभ्यासाला इतके लांब शेपूट क्वचितच फुटले असेल.

काण्यांचा विषय खानदेशाला परका नव्हता. वारसाहक्काच्या खटल्यात कोणता ग्रंथ प्रमाण मानायचा हा प्रश्न मुंबई इलाख्यात प्रदेशागणिक वेगळा सुटत असे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात नीलकंठाच्या ‘मयूखा’चा शब्द मोठा. इतर मराठी मुलुखात विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ वरचढ. पुणे, अहमदनगर आणि खानदेश या तीन जिल्ह्यांबाबत मात्र न्यायालयांनी दोन्ही ग्रंथ बरोबरीचे मानले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, विधवा, बहीण, सावत्र भाऊ, दूरचा पुतण्या यांच्यात जमीन कुणाकडे जायची हे ठरवताना धुळ्याच्या वकिलाला दोन संस्कृत ग्रंथ आणि त्यांवरचे इंग्रजी निवाडे यांची सांगड घालावी लागे. मुंबई इलाख्यात बहिणीला वारसांच्या रांगेत जी वरची जागा मिळाली तिच्यामागे नीलकंठाचे मत मोठे होते. इतर प्रांतांत बहिणीला अशी जागा नव्हती. शेतजमिनीच्या एखाद्या दाव्यात या फरकावर सगळा निकाल फिरे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ग्रंथांचे हे राज्य बहुतांशी संपवले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मजात हिस्सा दिला, केंद्राने २००५ मध्ये तेच केले, आणि ‘हक्कसोड’ हा शब्द तलाठ्याच्या दफ्तरात आणि भावाबहिणींच्या भांडणात रोजचा झाला.

पदव्युत्तर कायदा शिकण्याची वाट बायकांसाठी मुंबईहून नव्हे, तर परदेशातून उघडली, आणि तीही अर्धीच. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. नावात ‘बॅचलर’ असले तरी ही वरच्या दर्जाची कायद्याची परीक्षा. ऑक्सफर्डने बायकांना पदवी देणे मात्र १९२० पर्यंत सुरू केले नव्हते, म्हणून पदवी त्यांच्या हाती आली १९२२ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी. मधल्या काळात १८९७ मध्ये त्यांनी मुंबईची एलएल.बी. परीक्षाही दिली, तरी सनद मिळाली नाही. १९२३ मध्ये कायदा करून बायकांना वकिलीचा हक्क द्यावा लागला. खानदेशात याचे फळ पुढे दिसते. जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभा पाटील जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजातून एम.ए. झाल्या, मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी घेतली आणि जळगावच्या कोर्टात वकिली करत असतानाच १९६२ मध्ये आमदार झाल्या. २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या.

आता खुद्द खटल्यांकडे वळले पाहिजे, कारण या भागात तज्ज्ञता पदवीने नव्हे, तर पक्षकाराने घडवली. दोंडाईचा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले गाव. मिरचीची बाजारपेठ म्हणून त्याचे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. हंगामात लाल मिरचीच्या ढिगांनी बाजार भरतो आणि पाहुण्याला शिंका आवरत नाहीत. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर या भागातून अमळनेरपर्यंत आली आणि खानदेशचा कापूस थेट सुरतेकडे जाऊ लागला. रेल्वे आली तिथे व्यापार आला, व्यापार आला तिथे हुंडी, आडत, तोलाई आणि उधारी आली, आणि उधारीमागोमाग दावे.

कापसाचा खानदेशी इतिहास वकिलांच्या दृष्टीने मोलाचा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर इथल्या कापसाला अचानक भाव आला. भावाबरोबर भेसळही आली. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. युद्ध संपले, भाव कोसळला आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाल्यावर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षण कायदा झाला. तो आधी चार जिल्ह्यांपुरता होता, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. या कायद्याने न्यायाधीशाला कर्जाच्या कागदामागे जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. कागदावर अंगठा आहे म्हणून रक्कम खरी मानायची नाही, हे त्यातले तत्त्व. लहान रकमांच्या दाव्यांत आणि सलोखा करणाऱ्यांसमोर वकिलांना बंधने घातली होती. शेतकऱ्याला वाचवायचे तर वकील लांब ठेवा, असे सरकारला वाटले. वकिलीच्या इतिहासात ही बाब सहसा अभिमानाने सांगितली जात नाही.

१९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजार कायदा झाला, आणि त्याखाली नियंत्रित झालेल्या पहिल्या बाजारांत धुळ्याचा बाजार होता. त्यातून पुढे १९३९ चा शेतमाल बाजार कायदा, १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आणि दोंडाईचासारख्या ठिकाणच्या बाजार समित्या आल्या. आडत्याचा परवाना, सेसची वसुली, निवडणुकीतले मतदार यादीचे वाद हे बाजार समितीच्या कायद्यातले प्रश्न कोणत्याही एलएल.एम.च्या अभ्यासक्रमात स्वतंत्र पेपर म्हणून क्वचितच असतात. तरी या कज्ज्यांवर ज्यांची वकिली उभी राहिली असे वकील प्रत्येक जिल्ह्यात होते आणि आहेत. सहकारी संस्थांचेही तसेच. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली पुढे वेगळी सहकार न्यायालये आली आणि त्यांच्यापुढे काम करणारा वेगळा वकीलवर्ग तयार झाला. अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्या आणि दोंडाईचातला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना यांच्यामुळे कामगार कायदा गावात आला. या विषयासाठी पुणे विद्यापीठाने दिलेली छोटी पदविका वकिलांना एलएल.एम.पेक्षा जवळची वाटली. कामगार कायद्याची ‘डी.एल.एल.’ आणि करविषयक ‘डी.टी.एल.’ ही अक्षरे वकिलांच्या आणि कर सल्लागारांच्या पाट्यांवर जितकी दिसतात तितकी एलएल.एम. दिसत नाही. वर्षभराचा अभ्यास, संध्याकाळचे वर्ग, लगेच उपयोगाचे ज्ञान. धंद्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता.

जमिनीचे कज्जे मात्र सर्वांत खोल. कुळकायदा १९४८ मध्ये आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळाला मालक मानले गेले. त्यानंतरची दोन दशके तहसील कचेरी आणि महसूल न्यायाधिकरण यांच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. ‘वहिवाट कोणाची’ या एका प्रश्नावर पीकपाहणीचे उतारे, फेरफार, साक्षी यांचा ढीग पडे. तापी ओलांडून शहादा-तळोदा भागात आणखी एक पदर होता. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याला उभे राहिलेले आदिवासी आंदोलन आणि श्रमिक संघटना यांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि १९७४ मध्ये महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी खास कायदे केले. इथे वारशाचा प्रश्नही वेगळा आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, म्हणून भिल्ल किंवा पावरा कुटुंबातला वाटा रूढीवर ठरतो, आणि रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. पदव्युत्तर संशोधनाला याहून मोठे रान कोणते असेल? नर्मदा-तापी खोऱ्यातली रूढी गावोगावी फिरून नोंदवायची, तर एका लघुप्रबंधात ती मावणार नाही. तरी या भागात लिहिल्या गेलेल्या प्रबंधांचे विषय बहुतेक वेळा घटनेच्या कलमांभोवती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांभोवतीच घोटाळताना दिसतात. निवाडे घरी बसून वाचता येतात, धडगावच्या डोंगरात जावे लागत नाही, हे त्याचे साधे कारण.

भूसंपादन हा त्यातलाच एक विषय. १८९४ च्या कायद्याखाली सरकारने ठरवलेला मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली जिल्हा न्यायालयात जाता येई. धरणे, कालवे, रस्ते यांनी ही प्रकरणे हजारोंनी वाढवली आणि धुळे-जळगावच्या वकिलांत ‘वाढीव मोबदला’ हे स्वतंत्र कामाचे क्षेत्र झाले. २०१३ च्या नव्या कायद्याने मोबदल्याचे गणित बदलले. तरी जानेवारी २०१८ मध्ये दोंडाईचाजवळच्या विखरण गावच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याच्या तक्रारीवरून मुंबईत मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. जमिनीचे मूल्य, झाडे आणि विहिरी यांची मोजणी, शेजाऱ्याला जास्त दर का मिळाला हा प्रश्न, हे सगळे कायद्याचेच विषय आहेत, आणि त्यांची लढाई तालुक्याच्या वकिलापासून सुरू होते.

धुळ्याच्या कोर्टाची आठवण एका नावाशिवाय अपुरी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात उतरले. त्या वेळी ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. आजही दरवर्षी ३१ जुलैला त्या बंगल्यापाशी यात्रा भरते. त्यांच्या नावापुढे बॅरिस्टर होते, कोलंबियाची आणि लंडनची अर्थशास्त्रातली उच्च पदवी होती, पण एलएल.एम. नव्हते. तज्ज्ञता आणि पदवीचे नाव यांचा संबंध किती सैल असतो याचे हे उदाहरण खानदेशाच्या अंगणातलेच.

कायद्याचे शिक्षण जिल्ह्यापर्यंत यायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याआधी मुंबईखेरीज जवळचे मोठे केंद्र पुण्यात होते. १९२३ मध्ये इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली, १९२४ मध्ये तिचे लॉ कॉलेज सुरू झाले आणि ज. र. घारपुरे हे त्याचे पहिले प्राचार्य. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर आणि न्या. य. वि. चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश याच कॉलेजचे विद्यार्थी. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि खानदेश मुंबई विद्यापीठाकडून पुण्याकडे गेला. दोंडाईचाच्या विद्यार्थ्याला मात्र या बदलाने अंतर कमी झाले नाही. ताप्ती लाइनची गाडी सुरतेमार्गे मुंबईला नेई. पुण्यासाठी एसटीची रातराणी. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर परीक्षा, निकाल आणि पात्रता प्रमाणपत्रासाठीच्या पुण्याच्या खेपा थांबल्या. २०१८ मध्ये या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. दोंडाईचात स्वोद्धारक विद्यार्थी संस्थेचे दादासाहेब रावल महाविद्यालय आहे. कायद्यासाठी मात्र गावाबाहेर पडावे लागते. जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयातून एलएल.बी. झालेल्यांत उज्ज्वल निकम यांचे नाव सर्वांत परिचित. जिल्ह्याच्या सरकारी वकिलापासून मुंबई बॉम्बस्फोट खटल्याच्या विशेष सरकारी वकिलापर्यंतची त्यांची वाट फौजदारी खटल्यांच्या अनुभवातून गेली.

मग एलएल.एम. कोणासाठी? गेल्या पन्नास वर्षांचे उत्तर बहुतांशी एकच राहिले आहे : शिकवणाऱ्यांसाठी. लॉ कॉलेजात पूर्णवेळ प्राध्यापक व्हायचे तर एलएल.एम. आणि त्यावर नेट किंवा सेट ही अट. पूर्णवेळ नोकरी घेतली की सनद बाजूला ठेवावी लागते. १९७९ च्या नियमांनी वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा दिली, त्यामुळे जिल्ह्यातल्या कॉलेजांना सकाळच्या वर्गांसाठी कोर्टातले वकील मिळाले. सकाळी सातला हिंदू कायद्याचा तास आणि अकराला कोर्टात साक्षीपुरावा, असा दिनक्रम कित्येकांचा होता. दुसरी वाट न्यायाधीशपदाची. महाराष्ट्राच्या न्यायिक सेवा नियमांत अनुभवाशिवाय अर्ज करणाऱ्या नवपदवीधरांना किमान ५५ टक्के गुणांची अट होती आणि एलएल.एम.चे गुणही त्यासाठी चालत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अभ्यासापेक्षा कोर्टातला वावर वरचढ, हा जुना कौल पुन्हा एकदा लागला.

अभ्यासक्रमाचा सांगाडाही दोनदा बदलला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये सुचवलेल्या दोन वर्षांच्या एलएल.एम.मध्ये ‘भारतातील कायदा आणि सामाजिक परिवर्तन’, ‘न्यायप्रक्रिया’, ‘घटनात्मक कायद्यापुढील नवी आव्हाने’ आणि ‘संशोधन पद्धती’ हे सर्वांसाठी पेपर होते. त्यानंतर फौजदारी, व्यापारी, घटनात्मक, मानवी हक्क अशा गटांतून एक निवडायचा आणि शेवटी लघुप्रबंध. २०१३ पासून आयोगाने एका वर्षाचा, २४ श्रेयांकांचा एलएल.एम. सुरू करायला परवानगी दिली. इंग्लंड-अमेरिकेत ही पदवी एका वर्षाचीच असते. माजी सरन्यायाधीश डॉ. धनंजय चंद्रचूड यांनी हार्वर्डमधून १९८३ मध्ये घेतलेली एलएल.एम. याच धर्तीची; १९८६ मध्ये त्यांनी तिथेच संशोधनाची डॉक्टरेट घेतली. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आली आणि एक वर्षाची पदवी तिथे रुळली. उत्तर महाराष्ट्राच्या वाट्याला असे विद्यापीठ आलेले नाही.

जानेवारी २०२१ मध्ये भारतीय वकील परिषदेने पदव्युत्तर शिक्षणाचे नियम अधिसूचित केले आणि एक वर्षाची एलएल.एम. बंद करून दोन वर्षांचीच ठेवायची, शिवाय देशभर एकच प्रवेश परीक्षा घ्यायची असे ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वकील परिषद ही सनदेची राखणदार, आयोग हा विद्यापीठांचा. पदव्युत्तर कायद्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे उघड्यावर आला. पैशाच्या दृष्टीने खानदेशच्या विद्यार्थ्याला एक वर्ष आणि दोन वर्षे यांत फरक मोठा. घरभाडे, खाणावळ आणि कोर्टातले बुडणारे दिवस यांचा हिशेब शेतकरी कुटुंबात पेरणीच्या खर्चाशेजारी मांडला जातो.

भाषेचा अडसर शेवटी उरतो. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. एलएल.बी.ची परीक्षा राज्यातल्या अनेक विद्यापीठांत मराठीतून देता येते. एलएल.एम.चे ग्रंथ, निवाडे, नियतकालिके मात्र जवळजवळ सगळी इंग्रजी. शिंदखेड्याच्या कोर्टात पक्षकार अहिराणीत बोलतो, वकील कैफियत मराठीत लिहितो, निकाल मराठीत लागतो, आणि त्याच वकिलाने पुढे एलएल.एम. केले तर त्याचा लघुप्रबंध इंग्रजीत असतो. अहिराणीतला ‘बांध कोरना’ हा शब्दप्रयोग साक्षीत आला की त्याचे मराठीत ‘अतिक्रमण’ होते आणि अपिलात गेल्यावर इंग्रजीत आणखी काही. या तिन्ही भाषांत एकाच वेळी वावरणारा वकील तालुक्याच्या बार रूममध्ये सापडतो. त्याच्याकडे एलएल.एम. असेलच असे नाही.